उलट हाक

गुरुजी : मिठाच्या गोण्या बैलांवर लादून मुलूखभर फिरणारे ते लमाण. त्या नावात शिवी कुठून शिरली, बाई?

वकील : नावात नाही, गुरुजी. पुसदच्या बाजारात कुणी ते तोडून 'लमाण्या' म्हणतो, तिथं शिरते. 'पारध्या', 'गोंड्या'चंही तेच.

गुरुजी : मग 'राम्या', 'गण्या' शिव्याच काय? माझी माय मला अखेरपर्यंत 'दिन्या' म्हणायची.

वकील : 'दिन्या' म्हणणाऱ्या दोस्ताला तुम्ही 'गण्या' म्हणू शकता. फिटंफाट. 'लमाण्या' म्हणणाऱ्याला मी उलट काय म्हणू?

गुरुजी : 'कोर' म्हणता की! तुम्ही गोर, बाकी सारे कोर. तांड्यावरच्या शाळेत शिकवलंय मी.

वकील : म्हणतो. पण कोर आहे म्हणून कुणाला पोलिसात हजेरी लावावी लागली नाही. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा आणला, आणि कित्येक जमातींची पोरं जन्मतःच चोर ठरली. 1952 मध्ये कायदा गेला, शिक्का बोलण्यात राहिला. 'भामटा' हे एका जमातीचं नाव. तुम्ही मात्र ते ठगाला लावता.

गुरुजी : पण गहुलीचे वसंतराव नाईक 1963 ते 1975 मुख्यमंत्री होते. तुमच्यातलेच ना?

वकील : साहेबांना मान मिळाला. तो खुर्चीबरोबर तांड्यापर्यंत येत नाही.

गुरुजी : मग 1989 चा ॲट्रॉसिटी कायदा आहे.

वकील : कोलाम, पारधी यांना आहे, ते अनुसूचित जमातीत. आम्ही इथं विमुक्त. पैनगंगेपलीकडे आदिलाबादला आमचेच लंबाडा अनुसूचित जमात आहेत. शिवी तीच, पण या काठावर आम्हाला तो कायदा लागत नाही.

गुरुजी : त्यापेक्षा जातीचं नावच काढून टाकलं तर?

वकील : मग पोरीच्या दाखल्यावर काय लिहू? नाव पुसलं तर शिष्यवृत्ती जाते, ठेवलं तर तेच बाजारात अंगावर येतं.

गुरुजी : कायद्यानं तोंड बंद होईल, मन नाही. माणसाला त्याचं नाव विचारावं, त्याच नावानं हाक मारावी, एवढं शिकवलं तर?

वकील : शिकवा. पण नाव माहीत असूनही जो जातीनंच हाक मारतो, त्याला शिकवण्यासारखं काही उरलेलं नसतं. तो जाणूनच बोलतो. त्याचं मन बदलेपर्यंत आम्ही ऐकत राहायचं, हा कुठला न्याय? आधी तोंड बंद होऊ द्या, गुरुजी. मनाला तुम्ही सवडीनं शिकवा.