ईश्वराची अपुरी ओळख

औंढा नागनाथास विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजले होते, ही कथा आमच्या हिंगोलीकडे पोरासोरांसही ठाऊक असते. नामदेवांनी ते पाय उचलून जेथे ठेवावेत, तेथे पिंड उभी राही. विठ्ठलाशी बोलणाऱ्या नामदेवांचीही देवाशी ओळख अपुरीच होती, असे ही कथा म्हणते.

ख्रिस्ती जीवनाचा विचार करताना ती मला हटकून आठवते. बाप्तिस्मा झाला म्हणजे ईश्वर कळला, असे मानणारे पुष्कळ. (पदवी मिळाली म्हणजे विद्या आली, असे मानणाऱ्या आम्ही त्यांस हसू नये!) रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. पुढे २२ वर्षांनी, १९१७ मध्ये, त्यांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसही स्थान होते. मंडळीच्या दारातून आत येताना जो भेटला, तोच दाराबाहेरही उभा आहे, हे उमगावयास एवढा काळ जावा लागला, आणि वेतनावर पाणी सोडावे लागले. १९१९ मध्ये ते निवर्तले.

ईश्वराच्या अस्तित्वाची प्रमाणे मी वर्गात तीस वर्षे शिकवीत आलो. औंढ्याच्या गाभाऱ्यात उतरलो की पाय कोठे ठेवावा, हे मात्र मला अद्याप सुचत नाही.