शिक्षकाने कोणासाठी वाकावे?

वेत वाकतो म्हणून पुरात टिकतो, हा दृष्टांत सर्वांना पाठ आहे. शिक्षकानेही तसेच प्रसंग पाहून वाकावे असे म्हणतात. परंतु वेत वाकतो तो स्वतः टिकण्यासाठी. शिक्षकाने कोणासाठी वाकावे, ही खरी मेख आहे.

मार्च २०२० मध्ये महामारीमुळे शाळांना एकाएकी कुलपे लागली. आपल्याकडे पहिली ते चौथीची मुले दीड वर्षाहून अधिक काळ वर्गाबाहेर राहिली. फळा गेला, खडू गेला, धडा मोबाइलवर आला. पन्नाशी उलटलेल्या कित्येक गुरुजींनी ते यंत्र आपल्याच पोरांकडून शिकून घेतले. ही गोष्ट लहान नव्हे. त्याला मन मोठे लागते.

पण सज्जनहो, हिशेब इथे मिटत नाही. कित्येक घरांत मोबाइल एकच, तोही बापाच्या खिशात, आणि बाप दिवसभर कामावर. मग सकाळचा वर्ग त्या पोराने ऐकावा कुठून? रीत बदलली, पण बदलताना सर्वांत दुबळे पोरच गळाले, तर ती लवचिकता कसली? ती नुसती सोय झाली, असे माझे मत आहे.

सोलापूरच्या नीलमनगर या कामगारवस्तीत शिक्षकांनी त्या दिवसांत घरांच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. भिंतीला ना वीज लागते, ना रिचार्ज. येताजाता वाचावे. भिंत चूक दाखवीत नाही, हे कबूल. पण ती कोणाला वगळीतही नाही.

कोणी म्हणेल, मग वेळापत्रक, अभ्यासक्रम यांना काही किंमत आहे की नाही? आहे ना! पण पावसाने मंडप गळू लागला, तर बुवा श्रोत्यांना देवळाच्या ओवरीत बोलावतात, रिकाम्या मंडपात निरूपण करीत बसत नाहीत.

शाळा उघडल्यावर तर पेच अधिकच वाढला. टाळेबंदीच्या वेळी दुसरीत असलेले पोर आता चौथीच्या बाकावर येऊन बसले. मधली तिसरी त्याने वर्गात पाहिलीच नव्हती. हातात चौथीचे पुस्तक, आणि जोडाक्षर आले की पोर अडते. अशा वेळी पुस्तक मिटून जोडाक्षरांपासून आरंभ करणारा गुरुजी कागदोपत्री मागे पडतो. तपासणीला साहेब आले, की धडे का राहिले याचा जबाबही त्यालाच द्यावा लागतो.