वाट पाहावी, तीही घाबरण्याची

भयकथालेखक नारायण धारपांची नवी कादंबरी येणार म्हटलं, की वाचनालयात तिच्यासाठी आधीच नाव सांगून ठेवणारे वाचक एकेकाळी महाराष्ट्रभर होते. वाट पाहायची, आणि तीही घाबरण्याची! मला याचं फार अप्रूप वाटतं. धारपांचं भय परक्या किल्ल्यांत राहत नसे. ते आपल्याच माजघरात शिरायचं. त्यांच्या कितीतरी कथांत अशा वेळी 'समर्थ' हे त्यांचे नायक मदतीला धावून यायचे. म्हणून वाचक स्वतःला लेखकाच्या हाती निर्धास्त सोपवायचा. इतका विश्वास फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

आपल्या विदर्भातलीच गोष्ट. १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना एका मित्रानं धारपांची कथा सांगितली. ती भीती त्यांच्या मनात मुरत राहिली आणि २०१८ साली त्यांचा 'तुंबाड' हा चित्रपट पडद्यावर आला.

धारप २००८ साली गेले, गूढकथाकार रत्नाकर मतकरी २०२० साली. तरी माझं वाट पाहणं थांबलेलं नाही. भयकथेला पाऊस आणि काळोखच कशाला हवा? मे महिन्यातली नागपूरची दुपार घ्या. महाल भागातल्या गल्लीत चिटपाखरू नाही, घरात कूलरची घरघर, आणि भर बाराला दाराची कडी वाजते. बाहेर कोण उभं आहे, हे मला इथल्याच एखाद्या नव्या लेखकाकडून ऐकायचं आहे. कुणी लिहायला घेतलं असेल, तर कृपा करून अर्धवट सोडू नका.