गुंठे आणि सेंटीमीटर

भिसेगावात कुणी जमीन विकली, याची आता बातमी होत नाही. मुंबईकरांची फार्महाऊस, पनवेल-कर्जत लोकलच्या मार्गाचं काम, विमानतळाच्या गप्पा. दर थोड्या दिवसांनी कुणाच्या तरी सातबाऱ्यावरचं नाव बदलतं. त्या पैशातून लोक घर बांधतात, मुलीचं लग्न करतात, मोठी गाडी घेतात. मी पाय लांब करून घेतले.

हे घरच्यांखेरीज कुणाला ठाऊक नाही. गावाच्या लेखी माझा मोटरसायकलवरून अपघात झाला, दोन्ही नडग्या मोडल्या, मुंबईच्या दवाखान्यात बरेच महिने काढले आणि देवाच्या कृपेने चालता झालो. लोक शहाळी घेऊन आले. शेजारच्या काकूंनी माझ्यासाठी नवस बोलला होता, तो त्यांनी फेडला. मी प्रसाद खाल्ला.

आधी उंचीचं बोलतो, कारण तिथे मी जास्त स्वच्छ आहे असं मला वाटत आलं आहे. मी पाच फूट तीन इंच होतो. लग्न जमत नाही ते उंचीमुळे, असं मी सांगायचो. नीट आठवलं तर उंचीचं कारण दोनच स्थळांनी दिलं. बाकीच्यांना सरकारी नोकरी हवी होती, किंवा मुलीला कर्जतपर्यंत यायचं नव्हतं. मी ते सगळे नकार उंचीच्याच खात्यावर लिहिले. लोकलच्या गर्दीत श्वास कोंडतो, हेही माझं आवडतं वाक्य. पण कर्जतला गाडी सुटते तिथूनच बसायचं, त्यामुळे सकाळी मला कायम खिडकी मिळायची. गर्दी भोगायचो ती संध्याकाळी, दादरपासून बदलापूरपर्यंत, आणि ती उंच माणसंही भोगतातच.

मग खरं कारण काय? मला उंच व्हायचं होतं. याच्यामागे आणखी कारण शोधलं की ते बनावट निघतं. इच्छा होती, आणि ती साधी इच्छा म्हणून सांगायला लाज वाटत होती, म्हणून तिला दुःखाचे कपडे घातले. शस्त्रक्रिया करून घेतली त्या इस्तंबूलच्या दवाखान्यातल्या समुपदेशकालाही मी ते दुःखच दाखवलं.

त्यासाठी विकली ती जमीन बाबांची. वाटणी झाली नव्हती, म्हणून दस्तावर दादाची सही लागली. तो स्टेशनबाहेर रिक्षा चालवतो. मी त्याला समजावायला लागलो तर म्हणाला, "तुला हवंय ना? मग कर. मला कारणं नको सांगू." त्या गुंठ्यांत बाबा कर्जतच्याच भात संशोधन केंद्राचं बियाणं लावायचे. जुनी उंच भातं दाणा भरला की वाऱ्यापावसात लोळायची. सुधारित वाण मुद्दाम बुटके काढलेले, म्हणून ते उभे राहतात. बाबा असते तर त्यांनी यावर एखादा टोमणा नक्की मारला असता. आणि मी तो ऐकून घेतला नसता.

इस्तंबूल का, हा प्रश्न मला जास्त टोचतो. हाडं लांबवण्याची ही पद्धत सोव्हिएत डॉक्टर गावरील इलिझारोव्ह यांनी सायबेरियातल्या कुर्गानला घडवली, दुसऱ्या महायुद्धानंतर, जायबंदी सैनिकांची न जुळणारी हाडं बघता बघता. हाड बेताने कापायचं, आठवडाभर थांबायचं आणि मग दोन्ही टोकं दिवसाला एक मिलिमीटर, तोही पाव-पाव करून, लांब न्यायची. मधल्या फटीत शरीर नवं हाड भरतं. उंच उडीतला विश्वविक्रमवीर व्हॅलेरी ब्रुमेल मोटरसायकलच्या अपघातानंतर त्यांच्याच हाताखाली पुन्हा उभा राहिला. कार्लो माउरी या इटालियन गिर्यारोहकाचा जुना मोडलेला पाय 1980 साली कुर्गानला दुरुस्त झाला. तो पाहून चकित झालेल्या इटलीतल्या डॉक्टरांनी पुढच्याच वर्षी इलिझारोव्ह यांना बोलावलं आणि ही विद्या पश्चिमेत गेली. आपल्याकडे मिरजेला डॉ. जी. एस. कुलकर्णी यांच्या रुग्णालयात आणि अकोल्याला डॉ. मिलिंद चौधरी यांच्याकडे हे काम वर्षानुवर्षं होत आलं आहे. म्हणजे विद्येसाठी मला समुद्र ओलांडायची गरज नव्हती. मिरज आणि अकोला मी एवढ्याचसाठी टाळलं, की तिथे मोडक्या पायांची माणसं येतात. त्यांच्या शेजारच्या खाटेवर, शाबूत पाय मोडून घ्यायला आलेला मी, कसा पडून राहिलो असतो? इस्तंबूलला सगळे माझ्यासारखेच होते. जर्मन, अरब, अमेरिकन. कुणी कुणाला का म्हणून विचारत नव्हतं.

आणखी एक. 2016 साली हैदराबादेत एका तरुण इंजिनियरने घरी न सांगता हीच शस्त्रक्रिया करून घेतली, घरच्यांना कळल्यावर केवढा गहजब झाला, प्रकरण मेडिकल कौन्सिलपर्यंत गेलं. चीनने तर 2006 पासून निव्वळ उंचीसाठी हे करायला बंदीच घातली आहे. शहाण्या माणसाने यातून धोका ओळखला असता. मी एवढंच ओळखलं, की लपवायचं तर नीट लपवावं.

तयारी मी मन लावून केली. तंबाखू सोडली, कारण निकोटीनने हाड उशिरा भरतं. ड जीवनसत्त्व तपासलं, ते कमी निघालं, गोळ्या घेतल्या. पोटऱ्या आणि मांड्यांचे स्नायू ताणायचे व्यायाम रोज पहाटे, दार लावून. हाड वाढतं, पण स्नायू आणि शिरा त्याच्याबरोबर खुशीने येत नाहीत, हे वाचलेलं होतं. वाचणं आणि भोगणं यांत काय अंतर असतं ते पुढे कळलं.

नडगीत आत सळई, बाहेर चौकट, कातडीतून आरपार पिना. चौकटीचा नट फिरवला जायचा तेव्हा फार दुखायचं नाही; दुखायचं रात्री. पोटरीत गोळे यायचे, पावलात मुंग्या यायच्या, झोप तासा-दोन तासांच्या तुकड्यांत यायची. टाच जमिनीला टेकेनाशी झाली. फिजिओथेरपिस्ट बाई तळवा धरून वर ढकलायच्या आणि मी मराठीत शिव्या द्यायचो. त्यांना कळत नव्हत्या याचं केवढं समाधान! पिनांच्या तोंडाशी रोज सलाइनने साफ करायचं, लाली आली की लगेच दाखवायचं. एका पिनेला पू झाला, अँटिबायोटिक सुरू झालं. दादा रिक्षा बंद ठेवून सोबत आला होता. भाषा येत नसताना तो औषधाच्या दुकानात खुणांनी कापूस मागायचा, माझं भांडं धुवायचा. परत येताना त्याला पैसे देऊ लागलो तर त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यानंतर मी तो विषय काढलेला नाही. त्याच्या बुडालेल्या रोजीचा हिशेब अजून माझ्याकडेच पडून आहे.

लांबवणं संपलं, चौकट निघाली, सळई आत राहिली. नवं हाड घट्ट व्हायला लांबवण्याहून कितीतरी जास्त काळ लागतो. तो काळ मी भिसेगावात काढला, वॉकर घेऊन. रात्री घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून इंजिनं लागतात, त्यांचे आवाज ऐकत जागा असायचो. स्टेशनच्या पुलाचा जिना पहिल्यांदा कठडा न धरता चढलो, त्या दिवशी मला इतका आनंद झाला की खोटं-बिटं काही आठवलं नाही.

कबूल करायला हवं ते हेच. मला पश्चात्ताप नाही. सहा सेंटीमीटरहून थोडं जास्त मिळालं आणि ते मला आवडतं. पळताना पूर्वीचा वेग नाही, थंडीत नडग्या ठणकतात, तरी आवडतं. आत्मपरीक्षणाला बसलेल्या माणसाकडून पश्चात्तापाची अपेक्षा असते. तो आणू कुठून? आणला तर तो आणखी एक खोटा अपघात होईल.

मन खातं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. मुरबाड रस्त्याकडच्या एका वाडीतला पोरगा गाडीवरून पडला. त्याचा अपघात खरा होता. नडगीचा तुकडा गेलेला, पायाला रिंग बसवलेली. त्याचा बाप माझं नाव ऐकून दारात आला. "भाऊ, तुमचेबी दोन्ही पाय असेच मोडलेले म्हणत्यात. तुमचा डॉक्टर कोण? पोराच्या पायातून पानी येतंय, काय करू?" मी मुंबईतल्या एका मोठ्या दवाखान्याचं नाव मोघम सांगितलं आणि चहा न विचारता त्याला वाटेला लावलं. चहा केला असता तर तो बसला असता, बसला असता तर आणखी विचारलं असतं. पिना कशा साफ करायच्या, टाच का ताणायची, तंबाखू का सोडायची, हे त्या घडीला आमच्या आळीत माझ्याइतकं कुणालाही ठाऊक नसेल. मिरज आणि अकोला ही नावं जिभेवर होती. ती उच्चारली तर विचारलं गेलं असतं, की मग तुम्ही तिथे का नाही गेलात?

माझ्या उंचीने कुणाचं काही नेलं नाही, असं मी दादालाही सांगत आलो होतो. त्या माणसाला दारातून परत पाठवल्यावर ते म्हणता येईना.

काही दिवसांनी मी वाडीत गेलो. पोराचं पाऊल खाली झुकायला लागलं होतं. त्याच्या आईला पिनांभोवती साफ करायचं कसं ते दाखवलं, फडक्याचा पट्टा करून तळवा वर कसा ओढायचा ते पोराकडून करून घेतलं, पाणी येतंय ते आधी डॉक्टरला दाखवा असं दोनदा बजावलं. मिरजेचा आणि अकोल्याचा पत्ता कागदावर लिहून दिला. पोरगा बघत होता. म्हणाला, "दादा, तुम्हाला तर सगळंच येतं. तुम्ही कुठं पडलेला?"

मी म्हणालो, "चौक फाट्याला."