सगळं जुळतंय, पण खरं आहे का?

आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक २० ते २२

आज ज्ञानाचे तीन प्रकार वाचले. तामस ज्ञान म्हणजे एका लहानशा गोष्टीलाच सर्वस्व मानून, कारण न तपासता तिला चिकटून बसणं. वाचताना दादा आठवला.

वर्षभर तो फोन उचलत नव्हता. गणपतीत कोपऱ्यात गप्प बसला. दोनदा हाक मारली, तर न ऐकल्यासारखं केलं. मी ठरवून टाकलं, जमिनीच्या वाटणीवरून रागावलाय. सगळं त्यात चपखल बसत होतं. मग मीही फोन करणं सोडलं.

तत्त्वज्ञानात सुसंगतिवाद आहे. एखादं विधान आपल्या बाकीच्या विधानांशी नीट जुळलं, ती एकमेकांना आधार देऊ लागली, की ते खरं, असं तो मानतो. त्यात तथ्यही आहे, कारण आपण जुन्या समजुतींवर उभं राहूनच नवी समजूत तपासतो. पण बर्ट्रांड रसेल यांनी १९१२ च्या 'द प्रॉब्लेम्स ऑफ फिलॉसॉफी'मध्ये विचारलं, की असा जुळणारा संच एकच असेल कशावरून? एखादा कल्पक कादंबरीकार जगाचा असा भूतकाळ रचू शकेल, जो आपल्या सगळ्या माहितीशी जुळेल, आणि तरीही खोटा असेल.

तो कादंबरीकार मीच होतो. दिवाळीत दादाकडे गेलो, तेव्हा वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांना ऐकू कमी येतं हल्ली. फोनवर तर काहीच कळत नाही. सांगायला लाजतात."

पुरावे तेच, गोष्ट दुसरी. तीही तितकीच चपखल!

ऑफिसात कोड आणि त्याच्या टेस्ट मी एकाच गैरसमजातून लिहिल्या, तर सगळ्या टेस्ट पास होतात. चूक कळते ती खऱ्या वापरात. जुळणं हे विश्वास ठेवायला कारण आहे, सत्याची पावती नाही.

विसाव्या श्लोकातलं सात्त्विक ज्ञानही एकत्व पाहतं, पण सर्व भूतांमध्ये. माझी सुसंगती दादाला बाहेर ठेवूनच जमली होती.

आज एवढंच करूया. ज्याच्याबद्दल आपला मनातला हिशोब अगदी चोख जुळलाय, त्याला एकदा जाऊन विचारूया. मी वर्ष घालवलं, तुम्ही घालवू नका.

श्रीकृष्णार्पणमस्तु.