राक्षसाच्या वाट्याचं गाणं

पहिल्याच नाटकाचा पहिलाच प्रयोग बंद पडला, अशी आपल्या परंपरेतली नोंद आहे. भरताच्या नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायात ती हकिगत येते. डोळ्यांना दिसेल आणि कानांना ऐकू येईल असं एखादं खेळणं द्या, अशी मागणी देवांनी ब्रह्मदेवाकडे केली आणि नाट्य जन्माला आलं. इंद्राच्या ध्वजोत्सवात भरताच्या शंभर मुलांनी ते उघड्यावर सादर केलं. विषय होता देवांनी दैत्यांचा केलेला पराभव. देव खूश झाले, त्यांनी नटांना भेटी दिल्या. प्रेक्षकांत दैत्यही होते. त्यांना हे सहन झालं नाही. विरूपाक्षाच्या पुढाकाराने त्यांनी विघ्नांना सोबत घेतलं आणि मायेच्या जोरावर नटांची वाचा, हालचाल आणि स्मरणशक्ती गोठवून टाकली. नट जागच्या जागी थिजले. इंद्राने ध्वजाची काठी उचलून विघ्नांना झोडपलं, तरी त्रास थांबेना. तेव्हा ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याकडून नाट्यगृह बांधून घेतलं. म्हणजे आपल्याकडचं पहिलं नाट्यगृह उभं राहिलं, ते दुखावलेल्या दैत्यांमुळे.

या कथेत पुढे जे घडतं ते जास्त महत्त्वाचं. ब्रह्मदेव विघ्नांना बोलावून विचारतो, तुम्ही नाटकाच्या वाईटावर का उठलात? विरूपाक्ष सांगतो, देव तुमचे तसे आम्हीही तुमचेच. मग आमची अशी नाचक्की करणारा खेळ तुम्ही का रचलात? ब्रह्मदेव त्याला गप्प बसवत नाही, त्याची समजूत घालतो. हे नाट्य एकट्या देवांचं नाही आणि एकट्या तुमचंही नाही, तिन्ही लोकांत जे जे भाव आहेत त्यांचं हे दर्शन आहे, असं त्याचं उत्तर आहे.

विरूपाक्षाची तक्रार आजही दरवर्षी मुंबईच्या उपनगरांत ऐकू येते. गणपतीला पंधरा-वीस दिवस उरले की मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीतल्या सोसायट्यांमध्ये मुलांच्या नाटकाच्या तालमी सुरू होतात. क्लब हाऊस मिळालं तर तिथे, नाहीतर पार्किंगमध्ये दोन गाड्या हलवून. ब्लूटूथ स्पीकरवर गाण्यांचे ट्रॅक, भाड्याने आणायच्या ड्रेपरीची यादी, आणि सगळ्यांत नाजूक काम म्हणजे भूमिकांचं वाटप. राजकन्या कोण, कृष्ण कोण, राक्षस कोण? राक्षस व्हायला हात वर करणारी मुलं पुष्कळ असतात. आई-वडील मात्र अस्वस्थ होतात. आपल्या मुलाने सगळ्यांसमोर राक्षस का व्हावं, हे त्यांना पटत नाही.

ही धास्ती फार जुनी आहे. तिच्यामागे उभा असलेला माणूसही लहानसहान नाही. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो याने ‘रिपब्लिक’मध्ये आदर्श राज्याच्या रक्षकांना लहानपणापासून कसं घडवावं याचा विचार केला आहे. त्यांनी नक्कल करायचीच तर शूर, संयमी, सज्जन माणसांची करावी, नीच माणसांची करूच नये, असं त्याचं म्हणणं. कारण लहान वयापासून केलेली नक्कल सवय होते, सवयीचा स्वभाव होतो, आणि तो शरीरात, आवाजात, विचारात मुरतो. देव वेषांतर करून रात्री हिंडतात असल्या गोष्टी सांगून आयांनी पोरांना भेदरवू नये, हेही त्याने बजावलं आहे. बागुलबुवावर इतक्या गंभीरपणे लिहिणारा तो बहुधा पहिलाच तत्त्वज्ञ असावा.

प्लेटोचा युक्तिवाद सहज झटकून टाकता येत नाही. नाटकाची तालीम म्हणजे पुनरावृत्तीच. एखादा मुलगा महिनाभर रोज तासभर गुरगुरत असेल, कमजोर मुलाला दरडावत असेल, तर त्याच्या मनावर काहीच उमटणार नाही असं कोण म्हणेल? प्रश्न आहे तो नेमकं काय उमटतं याचा. दुष्टपणा हा कुणाचा स्वभाव असतो, की अंगावर घेतलेली आणि उतरवता येणारी भूमिका? मुलांचं नाटक बसवणाऱ्या प्रत्येक ताई-दादाला याचं काही ना काही उत्तर द्यावंच लागतं, मग त्यांनी नाट्यशास्त्र वाचलेलं असो वा नसो. राक्षस कसा लिहिला, कुणाला दिला आणि त्याच्या तोंडी काय घातलं, यातून ते उत्तर दिसतं.

मराठी रंगभूमीची सुरुवातच राक्षसाच्या गर्जनेने झाली. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं. त्या धाटणीच्या पौराणिक खेळांत गाणी सूत्रधाराच्या गळ्यात होती. राक्षसाच्या वाट्याला आली ती राळेच्या भडक्यातली एन्ट्री, तलवारीचा नाच आणि आरोळी. या आरोळ्यांवरूनच पुढच्या पिढीने त्या नाटकांना ‘अललडुर्र’ हे नाव ठेवलं. 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’ने पात्रांनी स्वतः गाण्याची रीत रुजवली, आणि गाणारी पात्रं हाच मराठी नाटकाचा प्राण झाला.

मुलांच्या नाटकाला ही श्रीमंती लाभायला आणखी बराच काळ लागला. 1959 मध्ये सुधा करमरकरांनी ‘लिटल थिएटर’ सुरू केलं आणि रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणलं. मोठ्यांच्या नाटकाला लागतात तितकेच कष्ट, तितकंच नेपथ्य, तितकंच संगीत मुलांच्याही नाटकाला लागतं, हा करमरकरांचा आग्रह होता. 1962 मध्ये मतकरींनी प्रतिभा मतकरींच्या साथीने ‘बालनाट्य’ ही संस्था काढली. त्यांच्या नाटकांची नावं बघा: ‘निम्मा शिम्मा राक्षस’, ‘राक्षसराज झिंदाबाद’, ‘अलबत्या गलबत्या’. राक्षस आणि चेटकीण इथे थेट घराच्या मालकीण-मालकासारखे वावरतात. ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी केली. ते नाटक 2018 मध्ये चिन्मय मांडलेकरांच्या दिग्दर्शनात पुन्हा उभं राहिलं, तेव्हा ती वैभव मांगल्यांनी केली. नाटकाचं नाव दोन मुलांच्या नावाचं वाटतं, पण घरी परतणाऱ्या प्रेक्षकांच्या तोंडी असते चेटकीण.

पार्ल्याचं दीनानाथ, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, मुलुंडचं कालिदास ही महापालिकेची नाट्यगृहं. सुट्टीतला बालनाट्याचा प्रयोग तिथे एकदा तरी रंगमंचाकडे पाठ करून, प्रेक्षकांकडे तोंड करून बघावा. चेटकीण विंगेतून येते आणि पुढच्या रांगेतलं चार वर्षांचं मूल आईच्या ओढणीत तोंड खुपसतं. एक डोळा मात्र बाहेर असतो. नायकाच्या मागून कुणी दबक्या पावलांनी आलं की सगळं थिएटर ओरडून त्याला सावध करतं. मग चेटकिणीचं गाणं सुरू होतं आणि तिला शिव्या घालणारी तीच मुलं तिच्या ठेक्यावर टाळ्या वाजवू लागतात. मुलांना यात काहीच विसंगती वाटत नाही. ही बाई वाईट आहे आणि तिचं गाणं छान आहे, या दोन्ही गोष्टी त्यांच्या मनात एकाच वेळी सुखाने नांदतात.

हा क्षण नीट पाहायला हवा. आरोळीला पलीकडून फक्त भीती मिळते. गाण्याला सूर लागतो, श्वास लागतो, कडवं संपल्यावर ध्रुवपदावर परत यावं लागतं. गाणारा राक्षस आपल्याला काय हवंय, काय सलतंय, कशाची हाव सुटली आहे ते सांगतो. त्याला आतली बाजू मिळते. ऐकणाऱ्याला त्याचं म्हणणं कळतं, पण त्यासाठी ते मान्य करायची गरज पडत नाही. आणि ते गाणारं मूल? चाल बरोबर लागावी म्हणून त्याला स्वतःच्या रागावर ताबा ठेवावा लागतो. रागाच्या भरात ताल सुटतो, हे त्याला तिसऱ्या-चौथ्या तालमीत कुणी न सांगता समजतं. प्लेटोला भीती होती की नक्कल माणसाला गिळेल. संगीत नाटकात नक्कल करणाऱ्याला एकाच वेळी आत असावं लागतं आणि बाहेरही. दुष्टपणा ओळखण्याचं याहून सुरक्षित शिक्षण मुलांना दुसरीकडे मिळत नाही.

आपल्या धार्मिक परंपरेचा कौलही याच बाजूला आहे. जय आणि विजय हे वैकुंठाचे द्वारपाल. सनकादिक चार कुमार, जे कायम पाच वर्षांच्या मुलांसारखे दिसतात, दाराशी आले आणि द्वारपालांनी त्यांना अडवलं. शाप मिळाला. सात जन्म भक्त म्हणून घ्यायचे की तीन जन्म वैरी म्हणून, असा पर्याय त्यांच्यापुढे होता आणि लवकर परतता यावं म्हणून त्यांनी वैर पत्करलं, असं कीर्तनकार रंगवून सांगतात. हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू, रावण-कुंभकर्ण, शिशुपाल-दंतवक्र हे त्यांचे तीन जन्म. तीन प्रयोग झाले की वेष उतरवून पुन्हा आपल्या दारी उभं राहायचं. आणि हे सगळं सुरू झालं ते लहान मुलांना आत येऊ दिलं नाही म्हणून! राक्षसाला मुक्तीचं दार कायमचं बंद आहे, अशी कल्पना या कथेत कुठेच नाही.

महाराष्ट्रात तर बलिप्रतिपदेला ओवाळताना बायका बळीचं राज्य येवो असं म्हणतात. बळी दैत्यांचा राजा, प्रल्हादाचा नातू. जोतीराव फुल्यांनी 1873 च्या ‘गुलामगिरी’त त्याला शेतकऱ्यांचा न्यायी राजा म्हणून उभं केलं आणि कथेत पराभूत झालेल्यांची बाजू कोण सांगणार, हा विरूपाक्षाचाच प्रश्न वेगळ्या धारेने विचारला. कोकणातल्या दशावतारात पूर्वरंगी संकासुर येतो. अंगभर काळा वेष, डोक्यावर उंच टोकदार टोपी. त्याने वेद चोरलेत, विष्णू त्याला मारणार आहे, तरी सगळ्यांत जास्त हशा त्यालाच मिळतो. रत्नागिरीकडच्या शिमग्यात कमरेला घुंगरू बांधून नाचणाऱ्या संकासुराला लोक नवसही बोलतात. भांडुप-बोरिवलीत राहणारे कोकणी चाकरमानी नमन-खेळ्यांचे प्रयोग मुंबईच्या नाट्यगृहांत करतात, तेव्हा ही सगळी समजूत त्यांच्याबरोबर उपनगरांत येते. संकासुराला घाबरलेलं पोर त्याच्याच मागे मागे फिरतं.

याला एक भक्कम हरकत मात्र आहे. 1960 च्या दशकात बर्लिनमध्ये फोल्कर लुडविग यांनी ज्या ग्रिप्स थिएटरचा पाया घातला, त्याने परीकथांना आणि राक्षसांना सरळ रजा दिली. मुलांना खरा त्रास होतो तो चेटकिणीचा नव्हे; न ऐकणाऱ्या बापाचा, भांडणाऱ्या आई-बाबांचा, खेळायला जागा न ठेवणाऱ्या शहराचा, अशी त्यांची धारणा होती. डॉ. मोहन आगाशे यांनी 1986 मध्ये ही चळवळ पुण्यात आणली. ‘छान छोटे वाईट्ट मोठे’ या नाटकाच्या नावातच सगळा पवित्रा आहे. गाणी ग्रिप्समध्येही भरपूर असतात, फक्त ती घरातली, जिन्यातली, शाळेतली असतात. ग्रिप्सचं म्हणणं खरं आहे. तरी राक्षसाला हाकलून देण्याएवढं ते पुरेसं नाही. घरातल्या माणसाचा राग मुलाला नाव घेऊन बोलता येत नाही, तेव्हा तो राग ठेवायला त्याला राक्षस लागतो.

आता प्लेटो जिथे बरोबर ठरतो तिथे यायला हवं. भूमिका चिकटते. ती करणाऱ्या मुलापेक्षा बघणाऱ्या मोठ्यांच्या नजरेत जास्त चिकटते. शाळेच्या स्नेहसंमेलनांत आणि सोसायटीच्या नाटकांत राक्षस कुणाला मिळतो? सावळ्या मुलाला, जाड्या मुलाला, आवाज दणदणीत असलेल्या मुलीला. राजकन्या गोरी हवी, हे कुणी उघड बोलत नाही, पण यादीत दिसतं. वरून राक्षसाच्या चेहऱ्याला काळा रंग फासला जातो. इथे सगळं तत्त्वज्ञान कोसळतं, कारण उतरवता येणारा वेष म्हणून दिलेली गोष्ट त्या मुलाच्या कातडीशी शिवली जाते. नाटक संपल्यावर जिन्यात त्याला त्याच नावाने हाक मारतात. विरूपाक्षाची तक्रार अक्षरशः खरी आहे: आम्हीही तुमचेच, मग ही नाचक्की आमच्याच वाट्याला का? ज्या नाटकात हे घडतं ते कितीही सुरेल बसलं असलं तरी मुलांचं नाटक म्हणवून घ्यायला लायक नाही.

मुलुंडच्या पलीकडे ठाण्यात मतकरींनी अखेरच्या वर्षांत या प्रश्नाला हात घातला होता. समता विचार प्रसारक संस्थेबरोबर 2014 च्या सुमारास सुरू झालेल्या ‘वंचितांचा रंगमंच’ या उपक्रमात वस्त्यांमधल्या मुलांसाठी कुणी नाटक लिहून दिलं नाही. त्यांनीच आपल्या जगण्यातून ते रचायचं आणि आपणच करायचं, अशी मूळ कल्पना होती. चेटकीण आणि राक्षस लिहिण्यात ज्याची हयात गेली, त्या नाटककाराने भूमिका ठरवण्याचा अधिकारच मुलांच्या हाती दिला. मतकरी 17 मे 2020 रोजी गेले. त्यांच्या सगळ्या कामात हा निर्णय सर्वांत धाडसी मानायला हवा.

येत्या गणपतीत किंवा मेच्या सुट्टीत ज्या मंडळांना, शाळांना, शिबिरांना मुलांचं संगीत नाटक बसवायचं आहे, त्यांनी राक्षस जरूर ठेवावा. त्याला विदूषक करून टाकू नये, भरपूर घाबरवू द्यावं आणि नाटकातलं एक सर्वांत चांगलं गाणं त्याच्यासाठी राखून ठेवावं. भूमिका चिठ्ठ्या टाकून द्याव्यात, तालमीत निदान आठवडाभर सगळ्यांनी सगळ्यांच्या भूमिका करून बघाव्यात, आणि दोन प्रयोग होणार असतील तर दुसऱ्या दिवशी राजपुत्राने राक्षस व्हावं. काळ्या रंगाची डबी मात्र मेकअपच्या पेटीतून काढून टाकावी.