काय करायलाय पोरगं?

आमच्या मराठवाड्यात नव्या माणसाची ओळख करून घ्यायला दोन प्रश्न पुरतात. पहिला, "कोन्या गावचे?" आणि दुसरा, "काय करता?" पहिल्याचं उत्तर लोहा, कंधार, औसा, उदगीर काहीही आलं तरी बिघडत नाही. त्या गावात आपल्या चुलत्याच्या साडूची एखादी सोयरीक निघतेच. दुसऱ्याचं उत्तर मात्र एका शब्दात बसावं लागतं. मास्तर, तलाठी, कंडक्टर, वकील, किराणा, शेती. दोन वाक्यं लागली की समोरचा समजतो, गडी रिकामा आहे.

माझ्या लातूरच्या भाच्याला पाच वाक्यं लागतात.

तो व्हिडिओ बनवून यूट्यूबवर टाकतो. त्यात तोच सासरा होतो, तोच पदर घेऊन सून होतो, तोच सोयाबीनचा भाव विचारणारा शेतकरी आणि तोच भाव न सांगणारा अडत्या. बोली अस्सल आपली, 'करू लालो, जाऊ लालो'वाली. पुण्यात नोकरीला गेलेली आपली पोरं रात्री खोलीवर ती ऐकत बसतात म्हणे. त्याचे पैसे येतात. काही महिने माझ्या पेन्शनीपेक्षा जास्त, काही महिने कमी. हे सगळं पाहुणे शांतपणे ऐकून घेतात, चहाची बशी खाली ठेवतात आणि विचारतात, "ते ठीकंय. पण काम काय करायलाय पोरगं?"

गाव लातूर, हेही लक्षात घ्या. तूर पावसावर येते आणि डॉक्टर क्लासवर, अशी तिथली दोन पिकं. परभणी, हिंगोली, नांदेडपासूनची पोरं 'लातूर पॅटर्न'साठी तिथं खोल्या घेऊन राहतात. भाचा तर त्याच गावात जन्मलेला. त्यानं दोन वर्षं तो पॅटर्न अंगावर घेतला, पण पॅटर्नचं माप त्याला बसलं नाही. त्याला भौतिकशास्त्र शिकवणारे सर हल्ली कॅमेऱ्यासमोर उभे राहून शिकवतात, त्यांचेही व्हिडिओच निघतात. त्यांना कुणी 'काम काय करता' म्हणून विचारत नाही. लोक वाकून नमस्कार करतात.

आता भाच्याच्या लग्नाचं बघायला सुरुवात झाली आणि बायोडाट्यात 'व्यवसाय' नावाचा एक रकाना निघाला. रकाना दोन बोटांचा. अक्कानं लिहिलं, 'स्वतःचा व्यवसाय'. दाजींनी ते खोडून 'शेती' केलं. शेती आहे चार एकर, तीही बटईनं दिलेली. भाच्यानं 'कंटेंट क्रिएटर' असं लिहिलं, तर मध्यस्थानं फोन करून विचारलं, "सिमेंटचं दुकान आहे का?" शेवटी अक्कानं मला फोन लावला. मी नांदेडला सरकारी कचेरीत चौतीस वर्षं आवक-जावक सांभाळलेली असल्यामुळे योग्य शब्द माझ्याकडे असणार, असा तिचा समज. मी लोहा-अहमदपूर मार्गे लातूरची एस.टी. धरली.

दाजींचं म्हणणं स्पष्ट होतं. "काम म्हंजे घाम." हे वाक्य दाजी गादीवर, लोडाला टेकून बोलले. चाळीस वर्षं ते अडतीच्या दुकानात मुनीम होते. मला अडतीचा धंदा नेहमी गूढ वाटत आलेला आहे. माल पिकवतो एक, खातो दुसरा आणि मध्ये अडत्या. एके काळी तर सौदाही रुमालाखाली बोटं दाबून व्हायचा. दोन माणसं एका रुमालात हात घालून गंभीर चेहऱ्यानं उभी आहेत आणि आत बोटाबोटांवर शे-दोनशे पोती इकडची तिकडं होताहेत, हे दृश्य परक्या माणसानं पाहिलं असतं, तर त्याला हा जादूचा खेळ वाटला असता. त्या हिशोबात दाजींचं डोकं शिणलं, डोळे गेले, हे मी पाहिलेलं आहे. पण घाम? घाम हमालांना यायचा.

आणि घामावरच ठरवायचं तर माझं काय? एका बाजूनं आलेल्या कागदाला नंबर द्यायचा आणि दुसऱ्या बाजूनं जाणाऱ्या कागदाला नंबर द्यायचा, हे मी चौतीस वर्षं केलं. ते कागद वाचायला कुणी सांगितलं नव्हतं. तरीसुद्धा माझ्या लग्नाच्या वेळी 'मुलगा काय करतो' याचं उत्तर 'सरकारात आहे' एवढंच होतं आणि ते पुरलं. 'सरकारात काय करतो' असं पुढं विचारणं सभ्य समजलं जात नसे.

मग मी दाजींना पैशाचा व्यवहार समजावून सांगितला. (तो मला आदल्या रात्री भाच्यानं समजावला होता.) पूर्ण लांबीच्या व्हिडिओवर जी जाहिरात लागते, तिच्या शंभर रुपयांतले ५५ बनवणाऱ्याचे आणि ४५ कंपनीचे. दाजी सरळ होऊन बसले. "म्हंजे बटई!" जमीन एकाची, राबणार दुसरा. हा हिशोब मराठवाड्यात कुणाला शिकवावा लागत नाही.

"बी-बियाणं कोणाचं?" दाजींनी विचारलं.

"त्याचंच. कॅमेरा, लाईट, नेटचा खर्च, सगळं त्याचंच."

"मग पंचावन्न कमीच की!" त्या दिवशी पहिल्यांदा दाजी पोराच्या बाजूनं बोलले.

पण बटईलाही जमीन लगेच मिळत नाही. जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला एक हजार लोकांनी नाव नोंदवावं लागतं आणि एका वर्षात चार हजार तास बघितलं जावं लागतं, हा नियम २०१८ सालापासूनचा. दाजींनी मनातल्या मनात आठ तासांच्या पाळीनं भागाकार केला. "पाचशे दिवस! लोकांनी पाचशे दिवसांचं काम सोडून तुला बघितलं व्हय रे?" भाचा 'हो' म्हणाला. दाजींना त्या लोकांचीच काळजी वाटू लागली.

दाजींचं मत खऱ्या अर्थानं हललं ते पोस्टमनमुळे. कमाई दहा डॉलरला पोचली की पत्ता खरा आहे की नाही हे बघायला कंपनी घरी साध्या टपालानं एक पत्र पाठवते. त्यात सहा आकडे असतात. ते भरले तरच पुढचे पैसे. जगभरची चित्रं क्षणात फिरवणारी एवढी मोठी कंपनी आणि शेवटी सगळं येऊन थांबतं ते आमच्या पोस्टमनच्या सायकलीवर! अक्का सांगत होती, दाजी रोज अकरा वाजता ओट्यावर जाऊन बसत. पत्र आलं, ते त्यांनी स्वतः फोडलं आणि जमिनीच्या कागदांच्या पेटीत ठेवलं. ज्या कामाचं पत्र पोस्टानं येतं ते अगदीच खोटं नसणार.

सरकारनं तर यावर कधीच निकाल दिलेला आहे. १ जुलै २०२२ पासून कंपन्यांनी अशा मंडळींना वर्षात वीस हजारांच्या वर भेटवस्तू दिल्या तर त्यावरही कर कापायचा, असं ठरलं. २०२५ मध्ये प्राप्तिकराच्या अर्जात त्यांच्यासाठी वेगळा संकेतांकही आला. सोयरे अजून विचारात आहेत आणि सरकारनं रकाना पाडूनसुद्धा टाकला.

माझ्या मते आपल्या जुन्या गावगाड्याला हा प्रश्न सोडवता येत होता. बारा बलुतेदारांच्या मागं अठरा अलुतेदार असत. सुतार-लोहाराशिवाय नांगर चालायचा नाही, ते ठीकच. पण त्या अलुत्यांत गोंधळी होता, डवरी गोसावी होता, वाजंत्री वाजवणारा घडशी होता. यांच्यावाचून कुणाचा नांगर अडणार होता? तरी खळ्यावर त्यांचं माप निघायचं. माझ्या लहानपणी बहुरूपी खोटा फौजदार होऊन दारात यायचा आणि आमच्या आजोबांना कोंबडी चोरल्याच्या आरोपाखाली धरायचा. आजोबांनी उभ्या आयुष्यात कोंबडी चाखलेली नव्हती. सगळी गल्ली हसायची आणि आजी सुपातून जोंधळे आणायची. 'हे काम आहे का' म्हणून तिनं कधी विचारलं नाही. सूप रिकामं करून ती आत जायची.

हे मी दाजींना ऐकवलं. वर पुस्ती जोडली, की आपल्या लक्ष्मण देशपांड्यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'त एकट्यानं अख्खं वऱ्हाड उभं केलं, तेही आपल्याच बोलीत. मग पोरगं तरी वेगळं काय करतंय? दाजींनी शांतपणे पानाला चुना लावला. "ते प्राध्यापक होते. नोकरी सांभाळून करायचे." या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नोकरी असली की नाटक ही कला, नसली की थेरं.

मला वाटतं, दाजींच्या मनात खुपत होतं ते वेगळंच. पोराला त्याचं काम आवडतं! ज्यात जीव रमतो त्याचे पैसे घ्यायचे म्हणजे लबाडी, असं आपल्या पिढीच्या हाडात भिनलेलं आहे. पगार कंटाळ्याचा मिळतो. म्हणून भाच्याच्या चेहऱ्यावर कंटाळा दिसला की घरात बरं वाटतं. आणि तो दिसतो हो! दर शुक्रवारी नवं काहीतरी लागतं. घरात ताप असो, वाद असो, शुक्रवारी हसवायचंच. गुरुवारी रात्री त्याचं तोंड बघितलं, तर परीक्षेच्या आदल्या दिवशी बरा म्हणायची पाळी.

पण २०२५ च्या सप्टेंबरातली एक गोष्ट मी दाजींना सांगितलेली नाही. त्या पावसाळ्यात लातूर-नांदेडकडची शेतं तळ्यासारखी भरली. उभं सोयाबीन कुजलं. भाचा कॅमेरा घेऊन गावाकडं गेला. एक म्हातारा शेतकरी गुडघाभर पाण्यात उभा राहून काळ्या पडलेल्या शेंगा दाखवत होता. दाखवून झाल्यावर त्यानं सहज विचारलं, "बाबा, याचं तुला काय मिळंल?" विचारण्यात राग नव्हता. मजुरीचा दर विचारावा तसं विचारलं.

तो व्हिडिओ भाच्याच्या सगळ्या विनोदांपेक्षा जास्त लोकांनी बघितला, आणि जास्त लोकांनी बघितला म्हणजे पैसेही जास्त. रात्री त्याचा मला फोन. "मामा, हे पैसे घ्यावेत का?" मी तुकोबांचं नाव काढलं. कीर्तनाच्या मोबदल्यात काही घेऊ नये, असा त्यांचा दंडक. मग हल्लीच्या बिदाग्या आठवल्या आणि मी गप्प बसलो. हसवण्याचं माप घ्यायला हरकत नाही, ते आजीच्या सुपापासून चालत आलंय. दुसऱ्याच्या बुडालेल्या शेताचं माप आपल्या पदरात पडावं का, हे मला खरंच सांगता आलं नाही. "त्या म्हाताऱ्याला जाऊन भेट," एवढं म्हणालो. तो जाऊन आला. काय दिलं, काय बोलला, ते मी विचारलं नाही. चौतीस वर्षांत पगार घेताना असा फोन कुणाला करावा, असं मला एकदाही वाटलेलं नव्हतं.

राहता राहिली अक्का. व्हिडिओत मध्येच दोन हात दिसतात, ज्वारीची भाकरी थापणारे. लोक लिहितात, 'माय दाखवा.' नगरजवळच्या सारोळा कासारच्या सुमन धामणे २०२० साली नातवाच्या हौशीनं 'आपली आजी' म्हणून चुलीपुढं उभ्या राहिल्या आणि महाराष्ट्रभर माहीत झाल्या, तेव्हापासून आयांच्या हातांना भाव आलेला आहे. गंमत अशी, की हेच हात चाळीस वर्षं हेच करताहेत. पण आपल्या जनगणनेच्या व्याख्येत घरचं रांधणं-वाढणं कामात धरत नाहीत. २०११ साली अक्काची नोंद 'काम न करणारी' अशीच झालेली असणार.

मागच्या दिवाळीत भाच्यानं तिच्या हातावर दोन हजार रुपये ठेवले. "माय, हे तुझे. दर महिन्याला."

"कशाचे रे?"

"भाकरीचे. कामाचे."

अक्कानं ते देवापुढं ठेवले. संध्याकाळपर्यंत काही बोलली नाही. रात्री ताटं घेताना म्हणाली, "मग मला आता रविवारची सुट्टी असती का रे?"

भाचा हसायला लागला. दाजींनी मात्र हातातला घास तसाच ठेवून विचारलं, "रविवारी चहा कोन करनार?"